दीर्घिका भिडल्या की तारे जन्मतातच का?

हस्तपंचक

‘दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की ताऱ्यांचा पाऊस पडतो.’ खगोलावरच्या मराठी लेखांत हे वाक्य हमखास भेटतं आणि शेजारी चित्र असतं अँटेना दीर्घिकांचं. वाक्य खोटं नाही. पण त्यात टकरीला जेवढं श्रेय दिलंय तेवढं तिचं नाही, असं माझं मत बनत चाललंय. म्हणून हा धागा.

अँटेनापासूनच सुरुवात करू. एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी हस्त नक्षत्रात आहे, अंतर साधारण ७ कोटी प्रकाशवर्षं. दोघी मुळात सर्पिल. पहिली गाठ पडून दहा कोटींच्या काही पट वर्षं उलटली, आता त्या एकमेकींत घुसल्या आहेत आणि दोन लांबलचक शेपट्या बाहेर फेकल्या गेल्या आहेत. हबलची चित्रं १९९७ मध्ये आली तेव्हा त्यांत हजाराहून जास्त तरुण, तेजस्वी तारकागुच्छ सापडले. आपली आकाशगंगा वर्षाकाठी सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे घडवते. अँटेनात हा आकडा दहा ते वीसच्या घरात जातो.

पण हे तारे जन्मतात कुठे? दोघींच्या केंद्रांत थोडे, हे खरं. सगळ्यात जोरदार भट्टी मात्र पेटली आहे ती दोन्ही तबकड्या जिथे एकमेकींवर येतात त्या मधल्या पट्ट्यात. साध्या प्रकाशात तो पट्टा काळपट, धुळीने झाकलेला दिसतो. आयएसओ या युरोपीय अवरक्त दुर्बिणीने १९९०च्या दशकात पाहिलं तर तिला अख्ख्या जोडीतला सर्वांत प्रखर बिंदू त्या काळ्या भागातच दिसला. तिथे कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून मोजलेले रेण्वीय मेघ (तारे ज्यांतून जन्मतात ते थंड, दाट वायूचे ढग) एकेक ३० ते ६० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे आहेत.

हे कसं होतं? तारे ताऱ्यांवर आपटून नक्कीच नाही. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा धरला तर सर्वांत जवळचा तारा पुण्याहून मुंबईइतक्या अंतरावर येतो. दोन दीर्घिकांमधले तारे एकमेकांच्या शेजारून निघून जातात, धक्कासुद्धा लागत नाही. वायूचं तसं नाही. तो पसरलेला असतो, त्यामुळे त्याला टक्कर चुकवता येत नाही. तो आदळतो, दबतो, तापतो, मग निवतो. पुढे काय होणार ते या दबण्या-निवण्यावर ठरतं.

आता दुसरी जोडी पाहा. यूजीसी १२९१४ आणि १२९१५, ‘टॅफी’ नावाने ओळखतात. भाद्रपदाच्या चौकोनात, अंतर सुमारे २० कोटी प्रकाशवर्षं. याही दोन सर्पिल दीर्घिका, वायूने भरलेल्या, आणि यांची टक्कर तर अगदी समोरासमोर, तबकडीवर तबकडी. होऊन दोन-तीन कोटी वर्षंच झाली आहेत. दोघी आरपार निघून गेल्या आणि मागे वायूचा पूल उरला. त्या पुलात सूर्याच्या शेकडो कोटी पट रेण्वीय वायू आहे. तारे? जवळजवळ नाहीत.

टक्कर जास्त थेट, वायू भरपूर आणि भट्टी थंड. तेव्हा टक्कर म्हणजे तारे हे समीकरण मला तरी पटत नाही. जाणकारांनी भर घालावी, भांडावं.

कुरडई

रुमाल टाकून ठेवतेय. पोरं झोपली की वाचते.

सांजवारा

छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न: हे सगळं घडायला कोट्यवधी वर्षं लागतात. आपल्याला तर प्रत्येक जोडीचा एकच फोटो मिळतो. मग कोण कधी कुणाजवळून गेली हे छातीठोकपणे कसं सांगतात?

भौतिकवाला

@सांजवारा, भाबडा अजिबात नाही. याच प्रश्नासाठी एका स्वीडिश माणसाने दिव्यांचे बल्ब मांडले होते.

एरिक होल्मबर्ग, लुंड, १९४१. संगणक नव्हता. त्याने प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ बल्ब घेतले. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, गुरुत्वाकर्षणही तसंच घटतं. मग प्रत्येक बल्बच्या जागी प्रकाशमापक ठेवून कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचं, म्हणजे त्या जागी ओढ किती आणि कुठे ते कळलं. त्याप्रमाणे बल्ब सरकवायचे, पुन्हा मोजायचं. एवढ्या खटाटोपातून त्याने दाखवलं की जवळून जाताना दीर्घिकांचा आकार बिघडतो, बाहू फुटतात.

पुढे १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी तेच संगणकावर केलं. ताऱ्यांच्या जागी धरलेले त्यांचे कण एकमेकांना ओढतसुद्धा नव्हते, ओढत होती ती फक्त दोन केंद्रं. तरी अँटेना, ‘माइस’ आणि एम ५१ या जोड्यांचे आकार हुबेहूब उतरले. शेपटी लांब निघते ती दीर्घिका ज्या दिशेने स्वतःभोवती फिरते त्याच दिशेने पाहुणी वळसा घालून गेली तर. उलट दिशेने गेली तर फारसं काही होत नाही. म्हणजे एका फोटोतला आकार आणि वायूचे वेग दोन्ही जुळवणारी कक्षा शोधायची. छातीठोक नाही म्हणणार, पण आंधळी कोशिंबीरही नाही.

रच्याकने, टकरीमुळे वायू केंद्राकडे ढकलला जाऊन तिथे ताऱ्यांची भट्टी पेटेल हा अंदाजही टूमरे बंधूंच्या त्याच निबंधात शेवटाकडे आहे. सहा वर्षांनी लार्सन आणि बिअट्रिस टिन्स्ली यांनी हॅल्टन आर्प या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या विचित्र आकारांच्या दीर्घिकांचे रंग तपासले. साध्यासुध्या दीर्घिकांचे रंग एका रेषेत नीट बसत होते, आर्पच्या यादीतल्यांचे मात्र पार विखुरलेले. हा विखुरलेपणा अचानक आलेल्या आणि लवकर ओसरलेल्या तारकानिर्मितीने समजावता येतो, असं त्यांनी दाखवलं. टिन्स्ली चाळिशीतच गेल्या. या विषयातलं अर्धं पीक त्यांनी पेरलंय, नाव मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

टिवल्याबावल्या

हबलचे ते गुलाबी-निळे फोटो खोटे रंगवलेले असतात ना? मग त्यावरून निष्कर्ष काय काढायचे? (ह. घ्या.)

रेवती७

@टिवल्याबावल्या, हलकेच घेतलं, तरी उत्तर देते. गुलाबी रंग बहुतेक वेळा हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेला दिलेला असतो. ती रेषा निघायला वायूचं आयनीकरण व्हावं लागतं, त्यासाठी अतिप्रखर, जड तारे लागतात आणि असे तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षं जगतात. म्हणून गुलाबी ठिपका दिसला की तिथे तारे नुकतेच जन्मलेत. रंग कुठलाही द्या, मोजमाप त्या रेषेचं असतं.

आता मूळ मुद्दा. हस्तपंचक, तुमच्याशी मी सहमत आहे, किंबहुना एक पाऊल पुढे जाईन. अँटेना, आर्प २२०, एम ८२ ही सगळी निवडक मंडळी आहेत. छायाचित्र काढावंसं वाटेल अशीच जोडी प्रसिद्ध होते. पण स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातून हजारो जोड्या काढल्या, प्रत्येकीला तेवढ्याच वस्तुमानाची एकटी दीर्घिका शोधून शेजारी ठेवली, की चित्र बरंच निवळतं. अगदी जवळच्या जोड्यांमध्ये तारकानिर्मिती सरासरी दोन-तीन पट. अंतर वाढेल तसं कमी होत जातं, तरी २०१३च्या एका कामात सुमारे ५ लाख प्रकाशवर्षांपर्यंत थोडी वाढ दिसते. सरासरी दोन-तीन पट म्हणजे ‘पाऊस’ नव्हे.

आणखी एक गोष्ट लेखांत कधी येत नाही. शेजारीण कोण आहे त्यावर बरंच काही अवलंबून असतं. सर्पिलेला सर्पिल भेटली तर वाढ दिसते. सर्पिलेला लंबवर्तुळाकार भेटली तर बऱ्याच नमुन्यांत काहीच वाढ दिसत नाही. गुरुत्वाकर्षणाची ओढाताण दोन्हीकडे सारखीच असताना! लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवतीचा तप्त वायू आड येतो का, की वेगळंच काही, यावर अजून वाद आहेत. पण नुसती भरती-ओहोटीची ओढ पुरेशी नाही एवढं यातून नक्की दिसतं.

भौतिकवाला

@रेवती७, सरासरीचा मुद्दा मान्य, पण सरासरीने इथे थोडा घोटाळा होतो. दोन दीर्घिकांची भेट ते विलय हा सगळा प्रवास अब्ज वर्षांच्या आसपासचा. त्यात भडका उडतो तो काही कोटी ते फार तर दहा-वीस कोटी वर्षांचा. तुम्ही हजार जोड्या उचलल्या तर बहुतेक भडक्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या निघणार. सरासरी कमी येणारच.

भडका कधी उडेल हेही आतल्या रचनेवर ठरतं. मिहोस आणि हर्नक्विस्ट यांनी १९९६ मध्ये हे फार छान दाखवलं. तबकडीच्या मधोमध ताऱ्यांचा फुगवटा नसेल तर पहिल्या भेटीतच तिच्यात ताऱ्यांचा दांडा तयार होतो. वायूचा दांडा ताऱ्यांच्या दांड्याच्या किंचित पुढे धावतो. मागचे तारे त्याला मागे खेचतात, त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) काढून घेतात आणि वायू केंद्राकडे घसरतो. इंधन लवकर संपतं, शेवटच्या विलयासाठी फार काही उरत नाही. फुगवटा असेल तर तबकडी टिकून राहते, वायू राखून ठेवला जातो आणि प्रत्यक्ष विलयाच्या वेळी एकदम प्रचंड भडका उडतो.

आर्प २२० ही त्या शेवटच्या टप्प्यातली. अंतर २५ कोटी प्रकाशवर्षं, दोन केंद्रं एकमेकांपासून हजार-बाराशे प्रकाशवर्षांवर आलेली. दृश्य प्रकाशात बघाल तर म्हणाल, यात काय विशेष? १९८३ च्या आयरास उपग्रहाने अवरक्तात पाहिलं तेव्हा ती सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून जास्त तेजस्वी निघाली. वर्षाला दोनशेच्या आसपास सूर्य. अशा अतितेजस्वी अवरक्त दीर्घिका आपल्या परिसरात मोजक्याच आहेत आणि जवळजवळ सगळ्या विलयात अडकलेल्या सापडतात. हा योगायोग म्हणायचा का?

रेवती७

योगायोग नाहीच. पण ‘भडकलेल्या बहुतेक सगळ्या भिडलेल्या आहेत’ आणि ‘भिडलेल्या बहुतेक सगळ्या भडकतात’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं, दुसरं नाही. लेखांमध्ये पहिल्याचा पुरावा देऊन दुसरं गळ्यात मारतात.

आणि विश्वाच्या हिशेबात पाहा. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे सगळ्यात जोमाने जन्मत होते. त्या काळातल्या दीर्घिकांवरचं २०११ चं काम सांगतं की भडका उडालेल्या दीर्घिकांचा वाटा एकूण तारकानिर्मितीत जेमतेम दहा टक्के. बाकी नव्वद टक्के तारे शांतपणे स्वतःच्या तबकडीत वायू मुरवणाऱ्या दीर्घिकांनी घडवले. विलयाचं महत्त्व दीर्घिकेचं रूप बदलण्यात जास्त आहे, असं माझं मत.

हस्तपंचक

वा, इथेच यायचं होतं मला. दोघांचंही म्हणणं एकत्र बसतं असं वाटतं.

वायूची घनता आणि तारकानिर्मिती यांचं केनिकट-श्मिट नातं सरळ प्रमाणाचं नाही. घनतेचा साधारण १.४ वा घात. म्हणजे तबकडीच्या एखाद्या भागात वायू दुप्पट दाटला तर तारे २.६ पट. म्हणून तोच वायू पसरून ठेवण्यापेक्षा थोड्या जागेत कोंबला तर तारे जास्त मिळतात. टकरीचं काम एवढंच: कोंबणं. ते जमलं तर आर्प २२०. जमलं नाही, वायू नुसता घुसळला आणि तापला, तर टॅफी.

अँटेनाच्या मधल्या पट्ट्याबद्दल एक विलक्षण खुलासा वाचला होता. भरतीचं बल ताणतं असं आपण शाळेत शिकतो. पण दोन पसरट वस्तुमानं एकमेकींत शिरलेली असताना काही जागा अशा तयार होतात की तिथे हे बल सर्व बाजूंनी दाबतं. तिथले मेघ दाबात सापडतात, केंद्रापासून दूर असूनही. मोठे तारकागुच्छ तिथेच का, याचं उत्तर यात असावं. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीला त्या पट्ट्यात एक मेघ असाही सापडलाय की वस्तुमान सूर्याच्या काही दशलक्ष पट, दाब प्रचंड आणि आत अजून तारे पेटलेले दिसत नाहीत. गोलाकार तारकागुच्छ जन्माला येण्याआधीची अवस्था म्हणतात ती हीच असेल.

लिफीकाठ

मुक्काम आयर्लंड, म्हणून थोडं अवांतर. बर गावच्या किल्ल्यात लॉर्ड रॉसची ७२ इंची दुर्बीण अजून उभी आहे. १८४५ मध्ये एम ५१चे सर्पिल बाहू पहिल्यांदा तिच्यातूनच पाहिले आणि हाताने रेखाटले गेले. त्या रेखाटनात शेजारीण एनजीसी ५१९५ सुद्धा आहे. पहिली ओळखलेली सर्पिल दीर्घिका हीच मुळात एका जोडीतली! इथल्या ढगांत त्यांनी हे कसं जमवलं देव जाणे.

भौतिकवाला

@लिफीकाठ, एम ५१ आणलीत ते बरं केलंत, कारण हस्तपंचकांच्या बाजूचा मोठा पुरावा तिथेच आहे. त्या देखण्या बाहूंमध्ये वायू गच्च भरलाय. मग सगळीकडे सारखेच तारे जन्मावेत ना? २०१३ मध्ये फ्रान्समधल्या प्लातो द ब्युर इथल्या रेडिओ दुर्बिणींनी तिचा रेण्वीय वायू बारकाईने नोंदवला. बाहूच्या काही भागांत वायू भरपूर असून तारे कमी निघाले. कारण तिथे वायू बाहूच्या कडेकडेने इतक्या वेगाने वाहतो की मेघांवरचा बाहेरचा दाब घटतो आणि ते कोसळत नाहीत. दाटी असून उपयोग नाही, दाटी स्थिरावायला हवी.

शिवनेरीकर

आमच्या जुन्नर भागातून प्रतिसाद द्यायलाच हवा, खोडद हाकेच्या अंतरावर आहे :)

तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या ज्या लहरी ऐकतात त्यांत उदासीन हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची लहरही येते. तारे बनण्याआधीचा कच्चा माल तोच. दृश्य प्रकाशात दोन दीर्घिका सुट्या दिसतात, हायड्रोजनमध्ये पाहिलं तर एकमेकींना बांधलेल्या. एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ यांचा १९९४ मधला नकाशा बघा, तो अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीचा. फोटोत तीन वेगळ्या दीर्घिका, हायड्रोजनमध्ये तिघींमध्ये पसरलेले धागे. एम ८२ मधला तारकानिर्मितीचा उद्रेक त्याशिवाय समजतच नाही.

जीएमआरटीवरूनही भिडलेल्या जोड्यांच्या शेपट्यांमधला हायड्रोजन मोजायचं काम झालंय. शेपटीच्या टोकाला कधीकधी वायू गोळा होऊन चिमुकली नवी दीर्घिकाच तयार होते, ती शोधण्यासाठी. विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, केंद्र लोकांसाठी खुलं असतं. शाळांच्या सहलींची झुंबड उडते, सकाळी लवकर जा.

रेवती७

@शिवनेरीकर, +१. त्यात ॲस्ट्रोसॅटची भर घालते. २०१५ मध्ये गेलेल्या आपल्या या उपग्रहावरची अतिनील दुर्बीण तरुण तारे फार बारकाईने दाखवते. तिने एनजीसी ७२५२ पाहिली होती. दोन तबकड्या विरघळून एक झालेली, कुंभ राशीतली. तिथे तरुण तारे केंद्राभोवतीच्या कड्यात ठळक दिसले. केंद्रातल्या कृष्णविवराच्या उद्योगांनी आतली निर्मिती दडपली असावी असा अंदाज मांडला गेलाय. म्हणजे वायू आत ढकलून झाल्यावरही गोष्ट संपत नाही. आत गेलेला वायू तारे बनवेल, कृष्णविवराला खाऊ घालेल की बाहेर फेकला जाईल, हे वेगळंच प्रकरण.

कुरडई

वाचून झालं, प्रतिसादांसकट. मग आपलं काय? देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर येऊन आदळणार म्हणतात, तेव्हा आपल्या आकाशात असे निळे गुच्छ दिसणार का?

हस्तपंचक

@कुरडई ताई, २०१२ मध्ये हबलच्या मोजमापांवरून चार अब्ज वर्षांनी टक्कर नक्की असं सांगितलं गेलं होतं. २०२५ च्या नव्या हिशेबात मेजवानीचं आमंत्रण बरंच सैल झालंय: येत्या १० अब्ज वर्षांत विलय होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. झालाच तरी तोवर दोघींनी बराचसा वायू खर्च केलेला असेल. भडका माफकच राहील अशी अपेक्षा आहे.

त्यापेक्षा घडून गेलेलं जास्त रोचक आहे. ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींवरून २०२० मध्ये दाखवलं गेलं की आपल्या परिसरात तारकानिर्मिती सुमारे ५.७, १.९ आणि १ अब्ज वर्षांपूर्वी वाढली होती, आणि धनु राशीतली एक बटू दीर्घिका आपल्याजवळून गेल्याच्या वेळा त्याच सुमारास येतात. एवढीशी पाहुणी, तरी परिणाम दिसतो. वेळा जुळल्या म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे रेवतीताई म्हणतीलच, मीच म्हणून टाकतो.

सांजवारा

यातलं काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं का? माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, पण शहरात राहतो.

हस्तपंचक

शहरातून विसरा. अंधाऱ्या जागी एप्रिल-मे मध्ये रात्री नऊनंतर आधी एम ५१ घ्या, सप्तर्षीतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर. दोन धूसर डाग सहज सुटे दिसतील, बाहूंचा भास व्हायला चांगली रात्र लागते. अँटेना अवघड आहेत, पण आपल्याकडून हस्त ५० अंशांच्या वर चढतं, युरोपवाल्यांना ते क्षितिजाशी लोंबतं. ८ इंचीतून एक खाच पडलेला डाग दिसला तरी खूश व्हा. शेपट्यांची आशा धरू नका.

टिवल्याबावल्या

मूळ प्रश्न राहिलाच. टॅफीच्या पुलात पुढेमागे तारे जन्मणार की तो वायू वायाच गेला?

भौतिकवाला

अगदीच कोरडा नाही तो. यूजीसी १२९१५ च्या जवळ पुलात एक तारकानिर्मितीचा भाग दिसतो. बाकी वायू अजून खवळलेला आहे: धक्क्याची ऊर्जा खळबळीत अडकली आहे आणि ती ओसरल्याशिवाय मेघ स्वतःच्या वजनाने कोसळणार नाहीत. स्टेफन पंचक या दीर्घिकांच्या गटातही हाच प्रकार. तिथे एक दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने घुसली. २००६ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला तिथल्या धक्क्याच्या पट्ट्यात तापलेला रेण्वीय हायड्रोजन झगमगताना दिसला, त्या मानाने तारे तुरळक.

टॅफीतल्या दोघी एकमेकींच्या पकडीतून सुटलेल्या नाहीत, त्यामुळे परत येतील. पुलातला काही वायू त्याआधीच कुणा ना कुणावर परत पडेल. तो निवून, दाटून तबकडीत बसला तर तारे तिथे जन्मतील, पुलात नव्हे.